एका घोडीचा डबा

माझ्या दुकानामागे एक पांढरा डबा उभा आहे. दोन चाकं, मागे खाली पडणारं दार, पुढे एक खिडकी. काष्टीत नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, "शेठ, आइस्क्रीमची गाडी टाकताय का?" शेळ्या न्यायला तो कुणी मागितला, साउंडवाल्यांनी मागितला, एका पठ्ठ्याने तर त्यात वडापाव विकायचा बेत माझ्यासमोर मांडला. मी सगळ्यांना नाही म्हणतो. तो एका घोडीचा डबा आहे. एका वेळी एकच घोडी मावेल असा, आणि एकाच घोडीसाठी घेतलेला. तो पसंत करण्याआधी सत्तरीला टेकलेली एक बाई त्याच्यात अनवाणी, हात पाठीमागे बांधून उभी राहिली होती आणि मला म्हणाली होती, "चालव."

त्या निमोणकर बाई. आता नाहीत. पण डब्याला रंग द्यायला काढला की मला त्या आत उभ्या असल्यासारख्या वाटतात आणि माझी पाठ आपोआप ताठ होते.

बाई आमच्या हायस्कुलात पीटी शिकवायच्या. बारीक अंगाच्या, सहावारी साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. निवृत्त झाल्यावर बूट गेले, शिट्टी राहिली. मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात कधी नव्हतंच, त्यामुळे ती शिट्टी ठसठशीत दिसायची. गावात निम्म्या लोकांना त्यांनी कवायत शिकवलेली. त्यामुळे रस्त्यात सरपंच भेटोत की दूधवाला, बाई आधी माणूस उभा कसा आहे ते बघायच्या. मला त्या एकच शब्द बोलायच्या. "दत्तात्रय, पोक." की मी ताठ. माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, सगळा तालुका मला दत्तूशेठ म्हणतो, पण बाईंना टोपणनावं चालायची नाहीत. हजेरीपटावर असेल तेच नाव.

घोडीचंही त्यांनी तेच केलं. ती त्यांच्याकडे आली तेव्हा तिचं नाव बिजली होतं. बाई म्हणाल्या, हे काय नाव आहे? आणि तिला शालिनी केलं. गाव बिजलीच म्हणत राहिलं. घोडी दोन्हीला कान टवकारायची, त्यामुळे तिचं मत काय ते कुणालाच कळलं नाही.

ती आली कशी, ती गोष्ट काष्टीत अजून सांगतात. बाईंच्या गल्लीतून एक वरात चालली होती. हलगी कडाडत होती आणि मधोमध एका फळ्यांच्या बाजेवर घोडी नाचत होती. आमच्याकडे अशा घोड्या असतात. लग्नात बाज टाकतात, घोडी तिच्यावर चारी पाय गोळा करून चढते आणि हलगीच्या तालावर पाय उचलत नाचते. लोक टाळ्या वाजवतात, नोटा ओवाळतात. बाईंनी गॅलरीतून पाहिलं तर घोडीच्या तोंडातून लाल फेस गळत होता. लगामाला आतून काटे होते. बाई खाली आल्या, वरातीच्या मध्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी शिट्टी फुंकली. शाळेत मैदानावर फुंकायच्या तशी, लांब. हलगीवाला थांबला, बँड थांबला, नवरदेव थांबला. ते सगळे त्यांचे विद्यार्थी होते, काय करणार? बाईंनी स्वतःच्या हातांनी लगाम काढला, घोडीचं तोंड पाण्याने धुतलं आणि बँडवाल्याला विचारलं, "हिला विचारलंस का, नाचायचंय का म्हणून?" तो कसनुसा हसला. त्या आठवड्यात घोडी बाईंच्या अंगणात आली.

"विचारलंस का?" हे बाईंचं पालुपद होतं. घोडीला खरारा करताना माझी बायको रोहिणी मदतीला गेली, तर बाई म्हणायच्या, "डावीकडून सुरू करू का, विचारलंस तिला?" मग घोडीसमोर दोन्ही हात मोकळे धरून थोडं थांबायचं. घोडी नाक पुढे करून हुंगायची. मान वळवली तर नको, मान खाली सोडली तर चालेल. रोहिणी आधी हसायची. पण महिन्याभरात ती घरी मलाही विचारायला लागली, भाजी कुठली करू, आणि माझी मान कुठे वळते ते बघायला लागली.

आणखी एक नवल. बाई त्या घोडीवर कधीही बसल्या नाहीत. रोज सकाळी कालव्याच्या कडेने दोघी चालायला जायच्या, शेजारी शेजारी, दोरी सैल. मी एकदा विचारलं, "बाई, मग घोडी पाळली कशाला?" त्या म्हणाल्या, "तू लग्न केलंस ते रोहिणीच्या पाठीवर बसायला का?" घरी हे सांगितल्यावर रोहिणी जरा जास्तच वेळ हसली.

हलगीशी मात्र बाईंचं वैर होतं. गल्लीतून वरात जाणार म्हटलं की त्या घोडीला पत्र्याच्या खोपटात नेऊन दार लावून घ्यायच्या. त्या खोपटाला त्या पागा म्हणायच्या. मग खिडकीत रेडिओ मोठ्याने लावायच्या. तरी आतून धाड धाड असा टापांचा आवाज यायचा. "घाबरते बिचारी," बाई म्हणायच्या. "तिच्या अंगात भीती बसलीय." पुढे पुढे वराती बाईंच्या घरापासून हलगी बंद करून जायला लागल्या. आमच्या गावात शांततेत जाणारी वरात एवढ्या एकाच गल्लीत बघायला मिळायची.

हे असंच चाललं असतं. पण बाईंचे डोळे अधू झाले. कधीपासून ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बोलताना त्या समोरच्याकडे न बघता तोंड बाजूला वळवायला लागल्या होत्या, ते आम्हाला बाईंचा ताठा वाटायचा. मग एक दिवस त्या घोडीच्या पाण्याच्या हौदावर आपटल्या आणि मनगट मोडून घेतलं. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर परत येणार नाही, एकटं राहू नका. बाईंची भाची मीनल भंडारदऱ्याला असते. नवरा-बायको पर्यटकांना राहायला खोल्या देतात, मागे मोठं मोकळं आवार आहे. ती येऊन म्हणाली, "मावशी, चल माझ्याकडे." बाई म्हणाल्या, "शालिनी येणार असेल तर येते."

आणि इथेच गाडं अडलं. कारण शालिनी कुठल्याही गाडीत चढायची नाही.

आधी पिकअप टेम्पो आणला. घोडीने तो लांबूनच पाहिला आणि मागच्या पायांवर उभी राहिली. बँडवाल्यांनी वर्षानुवर्षं तिला असल्याच टेम्पोत दोरखंडांनी ओढून चढवलं असणार. गावातली दोन-चार मंडळी पुढे सरसावली, एक दोर छातीला, एक मागून, की झालं काम. बाईंनी शिट्टी तोंडात धरली तशी ती मंडळी आपापल्या कामाला गेली. शेजारच्या गावचा एक बँडवाला तेवढ्यात येऊन मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेठ, बाईला सांगा, आमी संबाळू. ती न्हाई चढायची कवाच." मी हे बाईंना सांगितलं नाही. पण त्यांच्या कानावर गेलंच. त्या मला म्हणाल्या, "दत्तात्रय, ती चढली नाही तर मी इथेच राहणार. पडले तर पडले. मीनलला तसं कळव." त्यांनी हे इतकं साधेपणाने सांगितलं की मला धास्ती वाटली.

मग बाईंनी ठरवलं की घोडीसाठी वेगळा डबा हवा. माझ्या जीपला मागे हूक होता, त्यामुळे ओढायचं काम न विचारता माझ्याकडे आलं. म्हणजे मला मात्र कुणी विचारलं नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

पहिला डबा बबन मिस्त्रीने केला. बबन उसाच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बांधतो, त्यामुळे त्याने केलेल्या वस्तूवर रणगाडा चढवला तरी ती वाकत नाही. तो बाईंना म्हणाला, "बाई, दोन घोड्यांचा करू का? उद्या भाड्यानं दिता यील."

"एकीचाच," बाई म्हणाल्या. "मोठ्या वर्गात एकच मूल बसवलं तर ते इकडून तिकडे हिंडत राहतं. तिला दोन्ही बाजूंना टेकायला मिळालं पाहिजे आणि पाय फाकवता आले पाहिजेत. एवढीच रुंदी."

डबा झाला. बाजाराचा वार सोडून आम्ही तो बाजारतळाच्या मैदानावर नेला. मला वाटलं, आता बाई चाकं वगैरे बघतील. त्यांनी चपला काढल्या आणि आत चढल्या.

"बाई, कडेचा पाइप धरा," मी म्हणालो.

"घोडीला हात असतात का?" त्यांनी हात पाठीमागे बांधले. "चालव."

मी चालवली. बाजारतळाच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे, त्याच्यावरून मी नेहमीसारखी जीप घेतली. मागे धाडकन आवाज झाला. उतरून बघतो तर बाई कोपरावर पडलेल्या, साडी धुळीने भरलेली. बाई उठल्या, कोपर झटकलं आणि म्हणाल्या, "नापास."

"बाई, आवो ऊस न्हेतो आमी असल्यात," बबन म्हणाला. "उसानं कदी तक्रार केली न्हाई."

"ऊस मेलेला असतो, बबन. स्प्रिंग घाल, जमीन आणखी खाली घे. आणि हा पत्रा पायाखाली वाजतो. चालताना स्वतःच्या पायाचा आवाज ऐकून दचकेल ती."

बबनने परत खटपट केली, पण ट्रॉलीची चाकं ती ट्रॉलीचीच. शेवटी पुण्याकडच्या एका घोडेपाळ गृहस्थांचा जुना डबा विकायला असल्याचं कळलं. आम्ही गेलो. गृहस्थ फार अदबीने बोलत होते. त्यांच्या घोड्यांना या डब्यात आजवर कसलाही त्रास झाला नाही, असं त्यांनी सांगितलं.

"तुम्ही कधी आत उभे राहिला आहात का?" बाईंनी विचारलं.

ते मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत, त्यामुळे त्यांनीही हसणं आवरतं घेतलं. बाई आत गेल्या, दार लावून घ्यायला सांगितलं आणि बराच वेळ आतच उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला त्या गृहस्थांच्या आवारात दोन फेऱ्या मारायला लावल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "जमीन खाली आहे, रबर आहे, हिसका बसत नाही. पास," त्या म्हणाल्या. "पण पुढे खिडकी पाडून घ्यायची. कुठे चाललोय ते दिसलं पाहिजे. न दिसता कुणीतरी ओढत नेतंय, हे फार वाईट असतं." आवाज नेहमीसारखाच होता. पण त्या खिडकीबद्दल का बोलत होत्या, याचा मी परतताना सगळा रस्ता विचार केला.

बबनने खिडकी पाडली. मग माझी शिकवणी सुरू झाली. डबा मागे जोडलेला असला की जीप मागे घेणं हा काय प्रकार असतो, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. डबा डावीकडे वळायला हवा तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि जरा जास्त झालं की डबा घडी घातल्यासारखा जीपला येऊन भिडतो. बाई मैदानाच्या मध्यात कान देऊन उभ्या राहायच्या. एक शिट्टी थांब, दोन शिट्ट्या पुढे, लांब शिट्टी म्हणजे मी गाढव आहे. बघायला गर्दी जमायची. आणि रोज शेवटी बाई आत चढून परीक्षा घ्यायच्या. "ब्रेक लावायच्या आधी आतल्याला सांग," त्या म्हणायच्या. म्हणजे पाय आधी नुसता टेकवायचा, जीप किंचित हळू झाली की आतल्याला कळतं, तो पाय रोवतो, मग खरा ब्रेक. मी अजून तसाच ब्रेक लावतो. रोहिणीला जीपमध्ये झोप लागायला लागली ती तेव्हापासून.

मी पास झालो. घोडी नापासच होत राहिली. डबा बाईंच्या अंगणात दार पाडून ठेवला होता. आत हिरवा घास ठेवला, गूळ ठेवला, हरभरे ठेवले. घोडी त्या उताराच्या फळीपर्यंत यायची, मान लांब करून पोचेल तेवढा घास खायची आणि मागे सरायची. बाई स्वतः आत जाऊन बसायच्या, पुस्तक घेऊन, म्हणजे नुसतं हातात धरून. उन्हाळा सुरू झाला. मीनलचे फोन वाढले. मी एकदा म्हणालो, "बाई, एक डाव जरा दोर लावून..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी. "ती नको म्हणतेय, दत्तात्रय. ऐकू येत नाही का तुला?"

त्या दुपारी आम्ही सगळे तिथेच होतो. बाई सामान आवरत होत्या, घोडी आज ना उद्या चढेल, असं म्हणत. घरातला सागवानी फळ्यांचा पलंग अंगणात काढून ठेवला होता, कुणाला तरी द्यायचा म्हणून. रोहिणी भांडी बांधत होती. बबन डब्याच्या दाराची बिजागरी ठोकत बसला होता. ठण ठण ठणण ठण, असा त्याच्या हातोडीचा ठेका लागला होता.

शालिनी आंब्याखाली मोकळी उभी होती. ती चालत आली. डब्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती पलंगापाशी आली, एक पाय फळीवर ठेवून वजन देऊन बघितलं, आणि बघता बघता चारी पाय गोळा करून पलंगावर चढून उभी राहिली. मान कमानीसारखी वाकवलेली, कान बबनकडे.

बबनची हातोडी थांबली. घोडीचा कान हलला. ती तशीच उभी, वाट बघत.

"बाई," बबन हळूच म्हणाला, "ही नाचाया हुबी ऱ्हायली."

बाईंचा हात शिट्टीकडे गेला होता. शिट्टी त्यांनी ओठांत धरली, पण फुंकली नाही. तोंड बाजूला वळवून त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हिला कुणी चढवलं?"

"कुणीच नाही, बाई. आपणहून चढली," रोहिणी म्हणाली.

"तोंडात काही नाही ना?"

"काही नाही. तोंडावर दोरीची मोरकीसुद्धा नाही."

"घाबरून कोणी पलंगावर चढत नाही," बाई म्हणाल्या. मग आमच्याकडे पाठ करून घरात गेल्या. आम्ही घोडीला उतरवलं नाही. तिने बबनची बराच वेळ वाट पाहिली आणि मग आपणच उतरली.

संध्याकाळी चहाला बोलावून बाई मला म्हणाल्या, "वरात गेली की मी दार लावून घ्यायचे. ती आत पाय आपटायची. मी म्हणायचे घाबरली. एकदाही दार उघडून बघितलं नाही मी. लगाम तिला नको होता, हे मला दिसलं. नाच नको होता, हे मी माझं माझं ठरवलं." चहा तसाच राहिला होता. "सगळ्यांना सांगत फिरले, विचारा म्हणून. मीच विचारलं नाही." मला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं, पण बाईंना समजुतीचं बोललेलं खपत नसे. मी कप उचलून नेला आणि ताजा चहा करून आणला.

दुसऱ्या दिवशी बबनला पलंगाच्या फळ्या सोडवायला लावल्या. त्या डब्याच्या उतारावर आणि आत जमिनीवर घट्ट बसवल्या. बाई डब्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि त्यांनी तळहातांनी पत्र्यावर ठेका धरला. त्यांना कवायतीचाच ठेका यायचा, एक-दोन, एक-दोन. घोडीला तो परका वाटला असणार, कारण तिने मान तिरकी करून ऐकून घेतला. मग ती आली, फळीवर पाय ठेवला, वजन देऊन बघितलं आणि आत गेली. आतून टाप वाजली. एक. मग दुसरी. बाई उतारावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. रोहिणी त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

आम्ही निघालो ते ऐन लग्नसराईत. श्रीगोंद्यावरून नगर, पुढे संगमनेर, अकोले. बाई माझ्या शेजारी, आणि जीपच्या मागच्या काचेतून डब्याच्या खिडकीत घोडीचं लांबट तोंड. "काय करतेय?" बाई दर थोड्या वेळाने विचारायच्या. "बाहेर बघतेय," मी सांगायचो. त्या समाधानाने पुढे बघायच्या. संगमनेर सोडलं आणि पुढच्या एका गावाशी रस्त्यात वरात आडवी आली. मी आधी सांगून ब्रेक लावला. आणि हलगी कडाडली.

जीप मागून हलायला लागली. आधी हळू, मग चांगलीच. डबा डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. हूक करकरायला लागला. घोडी आत नाचत होती. मी जीप कशीबशी रस्त्याच्या कडेला मोकळ्या रानात घेतली. बाईंनी दार उघडलं, शिट्टी हातात घेतली. मला वाटलं, झालं, आता ही वरातही थांबणार. पण त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दार पाड."

शालिनी उलट्या पावलांनी बाहेर आली. बाईंनी मोरकीची दोरी सैल सोडली. आणि ती घोडी त्या रानात, ढेकळांत, कुणी न सांगता नाचायला लागली. वय झालं होतं तिचं. मागचा एक पाय नीट उचलत नव्हता, मध्येच ताल चुकायचा, मग ती थांबायची, ऐकायची आणि परत धरायची. तोंडात काही नाही. फेस नाही. वरात सगळी आमच्याकडे वळली, मोबाईल वर झाले. नवरदेवाची सजवलेली घोडीसुद्धा मान वळवून बघत होती. वरातीतला एक फेटेवाला धावत आला. "आजी, लई भारी हाय घोडी तुमची! देता का आमच्या वरातीला, मांडवापतूर?"

"तिला विचार," बाई म्हणाल्या.

त्याला काही उमगलं नाही. तो घोडीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. वरात पुढे गेली, हलगी लांब गेली. शालिनीने फुरफुर केलं आणि आपणहून फळीवर पाय ठेवून डब्यात गेली. सगळा वेळ बाई तोंड बाजूला करून उभ्या होत्या. मला वाटलं, त्यांना बघवत नसेल.

भंडारदऱ्याला पोचलो तोवर ऊन उतरलं होतं. मीनलने आवारात घोडीसाठी छप्पर घातलं होतं. मी रात्री मुक्काम केला आणि सकाळी निघताना रिकामा डबा जीपला जोडत होतो, तेव्हा मीनल जवळ येऊन म्हणाली, "मावशीला समोरचं काहीच दिसत नाही, दादा. मधलं सगळं गेलंय. कडेचं तेवढं दिसतं, तेही पुसट. तुम्हाला सांगितलं नसेलच." म्हणजे त्या रानात बाई तोंड फिरवून उभ्या नव्हत्या. बघत होत्या. जेवढं दिसेल तेवढं, डोळ्याच्या कोपऱ्यातून. मी हूक लावता लावता थांबलो.

डबा तुझ्याकडेच राहू दे, असं बाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "इथून तिला कुठे जायचं नाही. जायचं झालंच तर तिला विचारेन." पुढे वर्षाच्या आत बाईच गेल्या. घोडी मीनलकडे आहे, म्हातारी झाली आहे, पर्यटकांची मुलं तिला गाजर देतात. मीनल कुणाला तिच्या पाठीवर बसू देत नाही.

मी निघालो त्या सकाळी मात्र आवारात एक निळं प्लास्टिकचं पिंप उपडं घातलं होतं. बाई त्याच्यापुढे ताठ उभ्या होत्या, तोंड डोंगराकडे वळवलेलं. दोन्ही तळहातांनी त्या पिंपावर ठेका धरत होत्या. एक-दोन, एक-दोन. मी निरोप घ्यायला गेलो, तशी त्यांनी पावलांवरून ओळखलं.

"दत्तात्रय, बिजलीनं पाय उचलला का रे?"

बिजली म्हणाल्या त्या. मी घोडीकडे पाहिलं. ती बाईंपासून हातभर अंतरावर उभी होती. चारी पाय जमिनीवर. समोर घासाची पेंढी होती आणि ती सावकाश, डोळे अर्धे मिटून, चघळत होती. एक क्षण वाटलं, उचलला म्हणून सांगावं. काय बिघडणार होतं? पण बाईंपुढे खोटं बोलायची सवय मला शाळेतही लागली नव्हती.

"नाही, बाई. घास खातेय."

बाईंनी ठेका थांबवला. आणि त्या हसल्या. मी त्यांना इतकं मनापासून हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"नको म्हणतेय," त्या म्हणाल्या. "बरं, नको तर नको." आणि पिंपावरचे हात उचलून त्यांनी पाठीमागे बांधले.

मी जीप सुरू केली. फाटकातून वळताना आरशात पाहिलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. घोडी खात होती, बाई ऐकत होत्या. मला त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटलं, म्हणून ब्रेक लावला. मागचा डबा रिकामा होता, तरी आधी पाय नुसता टेकवला, मग थांबलो.